गाण्यात राहून गेलेला गजर

१९ जानेवारी १९६७ची रात्र. लंडनमधल्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्स एका अर्धवट गाण्याला भिडले होते. जॉन लेननकडे गाण्याची सुरुवात होती, शेवटही होता. पॉल मॅकार्टनीकडे कशालाच न जोडलेला एक तुकडा पडून होता. तो मधे बसवायचं ठरलं. पण जॉनच्या भागातून पॉलच्या भागात शिरायचं कसं, हे कुणालाच सुचत नव्हतं. मग त्यांनी सरळ २४ बारांची, म्हणजे तालाच्या चोवीस आवर्तनांची जागा मोकळी सोडली. तिथे काय भरायचं ते पुढे बघू! मोकळ्या जागेत वाजवणाऱ्यांचा हिशेब चुकू नये म्हणून मॅल इव्हान्स हा त्यांचा मदतनीस माइकपाशी उभा राहून एक ते चोवीस आकडे मोठ्यानं मोजत गेला आणि मोजणी संपल्याची खूण म्हणून त्यानं गजराचं घड्याळ वाजवलं.

तीन आठवड्यांनी, १० फेब्रुवारीला, ती जागा भरली गेली. जॉर्ज मार्टिन या त्यांच्या निर्मात्यानं ४० वादक बोलावले. प्रत्येकानं आपल्या वाद्याच्या खालच्या सुरापासून निघून २४ बारांत वरच्या सुरापर्यंत चढत जायचं, शेजारी काय वाजवतोय याकडे लक्ष द्यायचं नाही, अशी विचित्र सूचना त्यांना मिळाली. तो चढता कल्लोळ चार वेळा ध्वनिमुद्रित करून एकमेकांवर चढवला गेला. मॅलची मोजणी त्याखाली गाडली गेली, तरी कान देऊन ऐकलं तर ती अजून सापडते. घड्याळ मात्र उघड्यावरच राहिलं. पॉलचा तुकडा सुरू होतो तो झोपेतून उठणाऱ्या माणसापासून. त्याच्या आधी गजर वाजणं इतकं चपखल बसलं, की तो काढायचं कारणच उरलं नाही. ‘अ डे इन द लाइफ’ आज ऐका, गजर वाजतो.

कच्च्या गाण्याचं पक्कं गाणं कसं होतं, असं विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर घराचं बांधकाम येतं. आधी पाया, मग भिंती, मग गिलावा, शेवटी रंग. पण घर उभं राहिलं की परांची उतरवतात. गाण्यात परांचीचा एखादा बांबू कधीकधी भिंतीतच राहतो, आणि मागाहून कळतं की तो काढला तर भिंतीची शोभाच जाईल. बीटल्सच्या टेपा या बाबतीत फार बोलक्या आहेत. त्यांचे कच्चे टप्पे मोठ्या प्रमाणात जपले गेले, पुढे प्रसिद्धही झाले. त्यामुळे एकाच गाण्याचे सगळे जन्म आपल्याला ओळीनं ऐकता येतात.

रुमाल टाकून धरलेली जागा

डेमो म्हणजे गाण्याचा कच्चा खर्डा. संगीतकार पेटी पुढे ओढून निर्मात्याला चाल ऐकवतो, तेव्हा तो डेमोच देत असतो, फक्त टेप चालू नसते. डेमोचं पहिलं काम आठवण ठेवणं आणि दुसरं काम इतरांना कल्पना देणं. त्यात चाल असते, लय असते आणि शब्दांच्या जागी शब्दांसारखं काहीतरी असतं. आपल्याकडे चालीवर गाणी लिहिणाऱ्यांना हे ‘डमी’ शब्द चांगलेच ठाऊक असतात. गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, डमी शब्द म्हणजे तो रुमाल. बसणारा माणूस मागून येतो.

‘येस्टरडे’ची चाल पॉलला झोपेतून उठता उठता सुचली. ती इतकी आयती आली की त्याला संशय आला, ही आपण कुठेतरी ऐकलेली तर नाही? कित्येक दिवस तो ओळखीपाळखीच्यांना चाल ऐकवून ‘ही कुणाची आहे?’ असं विचारत फिरला. तोवर चाल विसरू नये म्हणून त्यानं तिच्यावर ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ हे शब्द टाकून ठेवले, म्हणजे चक्क अंड्याची भुर्जी. शब्द हास्यास्पद होते, पण त्यांनी एक महत्त्वाचं काम केलं. त्या जागी तीन उच्चारांचाच शब्द हवा, हे पक्कं केलं. पुढे रुमाल उचलला गेला आणि ‘येस्टरडे’ हा तीन उच्चारांचा शब्द तिथे येऊन बसला. १४ जून १९६५ रोजी पॉलनं एकट्यानं गिटारवर ते गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि तीन दिवसांनी त्यावर चार तंतुवाद्यांचा संच चढला. भुर्जी गेली, तिचं माप राहिलं.

दोन गाण्यांची एक गाठ

कच्च्यापासून पक्क्यापर्यंतचा सगळ्यात रंजक प्रवास ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’चा. १९६६च्या शरद ऋतूत लेनन एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी स्पेनमधल्या अल्मेरिया इथे होता. अभिनेत्याच्या आयुष्यात वाट बघण्याचा वेळ भरपूर. त्या रिकामपणात त्यानं लिव्हरपूलमधल्या आपल्या लहानपणाच्या एका जागेवर गाणं रचायला घेतलं. स्ट्रॉबेरी फील्ड हे त्याच्या घराजवळचं साल्व्हेशन आर्मीचं अनाथालय. तिथल्या बागेत तो खेळत असे. स्पेनमधल्या सुरुवातीच्या टेपांत नुसती गिटार आणि चाचपडणारा आवाज आहे. ज्या ध्रुवपदानं आज जग हे गाणं ओळखतं, ते त्यात नाहीच. तो एक अंतरा पुन्हापुन्हा म्हणून बघतो, शब्द फिरवतो, अडतो. इंग्लंडला परतल्यावर वेब्रिजमधल्या घरी केलेल्या टेपांत गाणं आकाराला येतं.

२४ नोव्हेंबर १९६६ला ते स्टुडिओत आलं. पहिल्या टेकमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या प्रयत्नात, गाणं अंतऱ्यापासून सुरू होतं. मागे मेलोट्रॉन आहे. या पेटीसारख्या दिसणाऱ्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याच्या आवाजाची छोटी टेप असते. हा टेक हळवा आणि पारदर्शक आहे. अनेक चाहत्यांना आजही तोच जास्त आवडतो. पण चार दिवसांनी गाण्याची मांडणी बदलली. ध्रुवपद पुढे आलं आणि आधी मेलोट्रॉनवरच्या बासरीचे ते प्रसिद्ध सूर लागले. बरेच टेक झाले आणि सातवा पसंत पडला. गाणं झालं, असं सगळ्यांना वाटलं.

लेननला वाटलं नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी जास्त जड, जास्त गडद होतं. डिसेंबरात गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं, जलद लयीत. ढोल-तालवाद्यांचा धबडगा आला, उलट्या फिरवलेल्या टेपेवरच्या झांजा आल्या. मार्टिननं चार ट्रम्पेट आणि तीन चेलोंसाठी स्वरलेखन केलं. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं स्वरमंडल छेडलं. आपल्याकडे गायकाच्या मांडीवर असतं, तेच स्वरमंडल. हा झाला टेक क्रमांक २६.

आता हाती एकाच गाण्याची दोन रूपं होती. लेनननं दोन्ही ऐकली आणि मार्टिनला सांगितलं, की याची सुरुवात आवडते आणि त्याचा पुढचा भाग आवडतो, तर दोन्ही जोडून टाक. मार्टिननं अडचण सांगितली. दोन्हींची पट्टी वेगळी होती आणि लयही वेगळी. लेनननं ते ऐकलं आणि ‘तू करशील काहीतरी’ अशा अर्थाचं बोलून विषय संपवला.

ही अडचण कशी सुटली, हे कळायला एक जुना अनुभव आठवावा लागेल. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं रेंगाळायचं आणि गायिकेचा आवाज जाडा व्हायचा. दोन्ही एकदम व्हायचं, कारण टेपेचा वेग कमी झाला की लय उतरते आणि तिच्यासोबत पट्टीही उतरते. वेग वाढवला की दोन्ही चढतात. नशिबाची गोष्ट अशी, की सातवा टेक संथ होता आणि पट्टीनंही खाली होता. सव्विसावा जलद होता आणि पट्टीनं वर. म्हणजे पहिल्याचा वेग थोडा वाढवला आणि दुसऱ्याचा कमी केला, तर लय आणि पट्टी दोन्ही एकाच वेळी जवळ येणार होत्या. नेमकं उलटं असतं, संथ टेक वरच्या पट्टीत असता, तर त्या काळच्या यंत्रांपुढे इलाज नव्हता. २२ डिसेंबरला मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी वेग जुळवले, टेपेला कात्री लावली आणि सांधा जोडला. गाणं सुरू झाल्यावर सुमारे एका मिनिटानं तो येतो. माहीत नसेल तर कळत नाही, माहीत झाला की मग लपत नाही.

या ओढाताणीचा एक परिणाम असा, की अंतिम गाणं पेटीच्या कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही. ते पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधल्या कुठल्यातरी फटीत आहे. लेननचा आवाजही मंदावलेल्या टेपेमुळे घोगरा, झोपेतला वाटतो. गाण्याचं हे स्वप्नाळूपण कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. दोन कच्च्या रूपांना एका मापात आणताना ते आपसूक आलं.

मळलेली कणीक

इतके निर्णय इतक्या घाईनं का घ्यावे लागत? कारण चार ट्रॅक. तेव्हाच्या अ‍ॅबी रोडच्या यंत्रावर टेपेवर चारच स्वतंत्र पट्टे असत. एकावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर पियानो, चौथ्यावर आवाज झाला की टेप भरली. आणखी वाद्यं हवी असतील तर चारही पट्टे मिसळून दुसऱ्या टेपेच्या एक-दोन पट्ट्यांवर उतरवायचे आणि उरलेल्या पट्ट्यांवर नवं भरायचं. पण एकदा मिसळलं की ड्रम थोडा कमी करू, असं म्हणायची सोय नाही. कणीक मळल्यावर पीठ आणि पाणी वेगळं करता येत नाही. त्यामुळे गाणं अर्धं तयार असतानाच त्याच्या अर्ध्या भागाचा शेवटचा निकाल लागलेला असे. आज संगणकावर शेकडो ट्रॅक मिळतात आणि निकाल पुढे ढकलता येतो. म्हणून सगळी गाणी जास्त चांगली झाली असं म्हणवत नाही. मात्र पूर्वी टेप संपली की वाद संपत असे, हे खरं.

सत्तावीस खर्डे

१९६८च्या सुरुवातीला बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात गेले. ध्यानधारणेपेक्षा गाणीच जास्त घेऊन परतले. मे महिन्याच्या अखेरीस ते लंडनबाहेर ईशर इथल्या हॅरिसनच्या बंगल्यात जमले आणि त्याच्या घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळी नवी गाणी उतरवून काढली. साध्या गिटारी, टाळ्या, थट्टामस्करी, मधेच हसणं. अशी २७ गाणी.

या सत्तावीस खर्ड्यांचं पुढे काय झालं, त्यावरून गाण्यांच्या नशिबाचा अंदाज येतो. त्यांतली १९ त्याच वर्षी पांढऱ्या वेष्टनाच्या दुहेरी अल्बममध्ये आली. दोन गाणी पुढच्या वर्षी ‘अ‍ॅबी रोड’च्या जोडगाण्यांच्या माळेत ओवली गेली. ‘नॉट गिल्टी’ या हॅरिसनच्या गाण्याचे स्टुडिओत शंभराहून अधिक टेक झाले, तरी ते गळलं, आणि १९७९मध्ये त्याच्या स्वतःच्या अल्बममध्ये सावकाश, शांत रूपात आलं. लेननच्या ‘चाइल्ड ऑफ नेचर’मध्ये हृषीकेशच्या वाटेचा उल्लेख होता. ते बाजूला पडलं. तीन वर्षांनी त्यानं चाल तीच ठेवली आणि शब्द संपूर्ण बदलले. ते ‘जेलस गाय’ झालं. हिमालयाच्या पायथ्याची निसर्गशांती असूया आणि माफीच्या गाण्यात गेली आणि चाल जराही कुरकुरली नाही.

जी अल्बममध्ये गेली, तीही सरळ वाटेनं गेली नाहीत. हॅरिसनचं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ ईशरला आणि जुलैमधल्या स्टुडिओतल्या पहिल्या रूपात जवळजवळ कुजबुजल्यासारखं आहे. मग ते विद्युत गिटारींनी भरलं, तरी जमेना. ६ सप्टेंबरला हॅरिसननं मित्राला, एरिक क्लॅप्टनला सोबत आणलं. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरचा गिटारवादक वाजवत नाही, म्हणून क्लॅप्टन तयार नव्हता. शेवटी त्यानं वाजवलं, आणि ती रडवेली गिटार गाण्याचाच भाग होऊन बसली. ‘ओब-ला-डी, ओब-ला-डा’चे टेक दिवसामागून दिवस चालले होते. एमरिकनं लिहिलं आहे, की वैतागलेला लेनन एका रात्री आला, थेट पियानोपाशी गेला आणि दुप्पट जोरात, जलद लयीत सुरुवातीचे स्वर आपटले. ती चीड गाण्याची सुरुवात म्हणून राहिली. ऐकताना ती आनंदाची उसळी वाटते.

फिरोजशहा मेहता रोडवरून

या कहाणीतला एक उलटा प्रवास मुंबईतून सुरू होतो. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला मुंबईत आला होता. फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खान असे वादक त्याच्यासाठी वाजवत होते. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता आणि आवाज अडवायची नीट व्यवस्था नव्हती. हॅरिसननं पुढे सांगितलं, की त्या तबकडीतल्या काही भारतीय तुकड्यांत खालच्या टॅक्सी ऐकू येतात. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे ध्वनिमुद्रण थांबवावं लागे.

चित्रपटाचं काम उरकल्यावर त्यानं त्याच वादकांकडून आणखी काही तुकडे वाजवून घेतले. त्यांतला एक लंडनला गेला. फेब्रुवारीत अ‍ॅबी रोडला हॅरिसननं त्यावर प्राचीन चिनी विचारवंत लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’वरून सुचलेले शब्द गायले आणि ‘द इनर लाइट’ तयार झालं. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला निघालं. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर आलेलं हे हॅरिसनचं पहिलं गाणं. नेहमी गाणं आधी आणि वाद्यमेळ नंतर. इथे वाद्यमेळ मुंबईत पक्का झाला आणि गाण्यानं त्यात जागा शोधली. म्हणजे कच्चं काय आणि पक्कं काय, याचा क्रमही ठरलेला नसतो.

खर्डाच छापायला

कधी खर्डा पुढे सरकायलाच तयार नसतो. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर, बहुतेक गाणी एकाच रात्रीत उतरवली. उद्देश एवढाच, की त्याच्या बँडला चाली कळाव्यात. ती कॅसेट डबीशिवाय खिशात फिरली. मग स्टुडिओत बँडनं वाजवून पाहिलं. सगळं नीट होतं, पण खोलीतला एकटेपणा गेला होता. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ अल्बम म्हणून बाजारात आली. गंमत अशी, की त्याच कॅसेटवरच्या ‘बॉर्न इन द यूएसए’नं बँडच्या हाती पडल्यावर प्रचंड रूप घेतलं आणि १९८४मध्ये ते जगभर दुमदुमलं. कुठलं गाणं वाढेल आणि कुठलं वाढवलं की मरेल, हे वाजवून बघितल्याशिवाय त्यालाही कळलं नाही.

संगीतकारांना डेमोची आणखी एक भीती असते. महिनोन्‌महिने खर्डा ऐकून कान त्याला इतके सरावतात, की त्यातली चूकसुद्धा सूर वाटू लागते आणि पक्कं गाणं परकं वाटतं. खर्ड्यातलं खरंच चांगलं काय आणि निव्वळ सवयीचं काय, हे ओळखायला जॉर्ज मार्टिनसारखा बाहेरचा कान लागतो.

शेवटची कॅसेट

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीतल्या घरी लेनननं पियानोवर बसून एक गाणं कॅसेटवर उतरवलं. नंतर नीट करू, असं समजून गायल्यासारखा तो आवाज आहे, अर्धा मोकळा, अर्धा पुटपुटता. डिसेंबर १९८०मध्ये त्याची हत्या झाली. १९९४मध्ये त्याची पत्नी योको ओनो हिनं त्याच्या काही कॅसेट पॉलला दिल्या. राहिलेल्या तिघांनी त्यांतली दोन गाणी पुरी केली, पण ‘नाउ अँड देन’ १९९५मध्ये हातचं सोडून दिलं. कॅसेटवर घरघर होती आणि पियानो आवाजावर चढत होता. कणीक मळलेली होती.

पंचवीसेक वर्षांनी चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूनं बीटल्सच्या १९६९च्या जुन्या टेपांसाठी संगणकाला आवाज ओळखायला शिकवलं. हा पियानो, हा गळा, ही गिटार. त्याच तंत्रानं लेननचा आवाज पियानोपासून सुटा झाला. पीठ आणि पाणी वेगळं झालं. मग पॉलनं बास आणि पियानो वाजवला, रिंगो स्टारनं ड्रम. २००१मध्ये गेलेल्या हॅरिसनची गिटार १९९५च्या त्या सोडून दिलेल्या प्रयत्नातून घेतली. तंतुवाद्यांच्या मांडणीत जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स होता. लेननच्या खर्ड्यातला एक भाग गाळला गेला आणि बऱ्याच चाहत्यांना ते रुचलं नाही. २ नोव्हेंबर २०२३ला गाणं प्रसिद्ध झालं आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

त्या गाण्यात बास पुन्हा वाजवता आला, ड्रम पुन्हा वाजवता आले, तंतुवाद्यांना पाहिजे तितके टेक देता आले. एका गोष्टीला मात्र दुसरा टेक नव्हता. घरच्या पियानोशी बसून, जागा धरून ठेवावी तसा गायलेला तो आवाज. त्या सीटवर बसायला मागून कुणी येणार नव्हतं. रुमालच तिथे राहिला आणि चाळीसहून अधिक वर्षांनी सगळा बँड त्याच्याभोवती येऊन बसला.